तिसऱ्या पिंपाचा वळसा

सुध्या, आपण जिंकलो.

तुला खरं वाटणार नाही, म्हणून पुन्हा सांगतो. तुझं तेरावं होऊन आठवडाही उलटला नव्हता आणि आपली ‘आलोच’ क्लबच्या रविवारच्या शर्यतीत पहिली आली. कुणाची बोट उलटली नाही, कुणाचं शीड फाटलं नाही, कुणी दया दाखवली नाही. सगळ्यांच्या देखत, चांगल्या दोन बोटींच्या अंतरानं आली. धक्क्यावर उतरलो तेव्हा मी हसत होतो. पुढच्या अर्ध्या तासात ते हसणं कुठे लपवू असं मला झालं, आणि अजून जागा सापडलेली नाही.

“विद्वान, मुद्द्यावर या,” असं तू म्हणाला असतास. येतो. पण आधी क्लबनं तुझं काय केलं ते ऐक.

तू गेलास आणि तिसऱ्या दिवशी दर्यावर्दी झालास. क्लबच्या फाटकाला फ्लेक्स लागला, त्यावर तसं छापलंय. खरा समुद्र तू एकदाच पाहिलास, अलिबागला, तोही भरती होती म्हणून बंधाऱ्याआडून. बाकी तुझी सगळी सागरी कारकीर्द शहराला पिण्याचं पाणी देणाऱ्या धरणात झाली. फोटो नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधल्या निरोप समारंभातला आहे, टाय लावलेला. टाय माझा होता. रविवारच्या शर्यतीलाही तुझं नाव दिलं आणि चषक आणला. गावात बोटीचा चषक मिळेना, म्हणून मिळाला तो आणला. त्यावर एक फलंदाज बॅट उगारून उभा आहे. मी अध्यक्षांना विचारलं, तर म्हणाले, “सर, भावना महत्त्वाची.” तू हे ऐकून खोकला येईपर्यंत हसला असतास.

पुढचं तुला माहीत आहे, पण हे क्लबातले लोकही वाचतील, आणि त्यांच्यासाठीच मला ते नीट सांगायचं आहे.

बोट तिघांची. तू मागे सुकाणूवर, मी मधे शिडाच्या दोऱ्या ओढायला आणि भद्रकालीत सायकलचं दुकान असलेला युसुफभाई पुढे, डोलकाठीला पाठ लावून, आपल्याकडे तोंड करून. त्याचं काम वजन देण्याचं, असं तो स्वतःच सांगायचा. नाव तू ठेवलंस. धक्क्यावरून वहिनींना फोनवर तू कायम “आलोच” म्हणायचास आणि तासाभरानं निघायचास. बोटीनं नावाला कधी बट्टा लावला नाही. आपण दर रविवारी शेवटी यायचो. आणि शेवटी येणाऱ्यांनी सगळ्या बोटींची शिडं घड्या घालून शेडमध्ये ठेवायची, हा क्लबचा सर्वांत जुना आणि बहुधा एकमेव पाळला जाणारा नियम. म्हणजे बाकीचे मिसळीवर बसायचे तेव्हा तू आणि युसुफभाई समोरासमोर उभे राहून, कापडाची टोकं धरून, एकमेकांकडे चालत यायचात. मी बाजूला उभा राहून टीका करायचो. माझ्या मानेला काम नको, असं तूच ठरवून टाकलं होतंस.

माझी मान. तिच्याबद्दल मी इतकी वर्षं क्लबात एक अक्षर बोलू दिलं नाही. ऑपरेशन झालं, मणक्यात स्क्रू बसले, आणि तेव्हापासून मला वर बघायचं तर सगळं अंग मागे रेलावं लागतं आणि खाली वाकायचं तर कमरेतून. मी मात्र मान ठणठणीत असल्याचं जाहीर केलं होतं. अध्यक्षांनी तेव्हा मला धक्क्यावर खुर्चीत बसून शिट्टी वाजवण्याचं काम देऊ केलं. ‘मानद वेळाधिकारी’ असं त्या शिट्टीचं नाव होतं. मी चिडून पुढे कितीतरी दिवस क्लबाकडे फिरकलो नाही. तू घरी येऊन मला परत घेऊन गेलास. “चल, दोऱ्या ओढायला माणूस नाही,” एवढंच म्हणालास.

आता तो वळसा.

आपल्या शर्यतीला तीन नारिंगी पिंपं तरंगत असतात, त्यांना वळसा घालून परत यायचं. तिसऱ्या पिंपाला वारा पाठीवर असतो. तिथे बाकीचे आतून वळतात. म्हणजे शिडाचा खालचा आडवा दांडा, त्याला बूम म्हणतात, एका झटक्यात या बाजूचा त्या बाजूला जातो, बोटीतले लोक डोकी खाली घालतात आणि बोट सुसाट घराकडे निघते. तू तिथे लांबून वळायचास. उलट्या बाजूनं, बोटीचं नाक वाऱ्यात घालून, भलामोठा गोल काढून. त्यात मधेच बोट थांबायची, शिडं फडफडायची आणि आपल्या पुढे असलेले आणखी पुढे, मागे असलेलेही पुढे जायचे.

“सुध्या, प्रदक्षिणा झाली का?”

“होतेय.”

“नारळ आणलाय का फोडायला?”

“विद्वान, तुम्ही दोरी सोडा आधी.”

“अरे, क्लबातली शाळकरी पोरंही आतून वळतात!”

“त्यांना घाई असते. शाळा असते.”

हे भांडण आपण प्रत्येक रविवारी केलं. मी रेखाचित्रं काढून दाखवली, मिसळीच्या टेबलावर पावाचे तुकडे मांडून वाऱ्याची दिशा समजावली. तू माझी बोट खाऊन टाकायचास. एकदाच, फक्त एकदा तू चिडलास. मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, “नेमकं अडतंय काय? भितोस का तू?” तू चमचा खाली ठेवलास आणि म्हणालास, “हो. भीती वाटते मला. झालं समाधान?”

झालं होतं. वाद जिंकल्याचं समाधान मला लवकर होतं.

तू गेल्यावर क्लबनं शोकसभा घेतली आणि मला बोलायला सांगितलं. शोकसभेत हशा पिकवणं हे माझं कौशल्य मानलं जातं. मोठमोठ्या विशेषणांची चार भाषणं झाली, त्यानंतर मी उठलो आणि लोकांना बरं वाटलं. मी म्हणालो, सुधाकरला कुठेही सरळ पोचण्याची घाई नव्हती. तिसऱ्या पिंपाला तो बोटीनं प्रदक्षिणा घालायचा. आम्ही शेवटी यायचो, पण क्लबात आमच्याइतकं पुण्य कुणाच्या गाठी नाही. हशा. मग म्हणालो, आमचा सुधाकर पाण्याला कधी भ्यायला नाही, भ्यायला तो फक्त वळायला. पुन्हा हशा, टाळ्या. वहिनीही हसल्या, पदर तोंडाला लावून. मला वाटलं, बाईंना क्षणभर हलकं वाटलं. आता वाटतं, त्यांना माझ्याकडे बघवलं नसेल.

नंतर त्यांनीच सांगितलं, “बोट शेडमध्ये पडून राहिली की ह्यांना चैन पडायचं नाही. केतकी आहे इथे, तिला घेऊन जा.” तुझी केतकी पुण्याची नोकरी थोडे दिवस सोडून आईजवळ राहिली आहे. ती सुकाणूवर बसली तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं. तुझ्यासारखीच बसते, एक पाय दुमडून.

सकाळ थंड होती, वारा धरणाच्या भिंतीकडून चांगला वाहत होता, अंजनेरीचा डोंगर धुक्यातून नुकता वर आला होता. अध्यक्षांनी तुझ्या नावानं दोन मिनिटं मौन पाळायला लावलं आणि त्यातलं एक मिनिट स्वतः बोलले. मग शिट्टी. आपण पहिल्या पिंपाला चौथे होतो, दुसऱ्याला तिसरे. तिसरं पिंप जवळ आलं तसं केतकी म्हणाली, “काका, लांबून घेते.”

“का? आतून घे की!”

तिनं युसुफभाईकडे पाहिलं, मग मला म्हणाली, “काका, वाकाल ना नीट?”

“अगं, वळव! इतकी वर्षं हेच सांगतोय तुझ्या बापाला!”

युसुफभाई पुढून सरकत माझ्याजवळ आला. त्याचा पंजा माझ्या मानगुटीवर बसला आणि त्यानं मला कणकेच्या गोळ्यासारखं खाली दाबलं. माझं नाक माझ्याच गुडघ्यात गेलं. डोक्यावरून काहीतरी जोरात गेलं, त्याचा वारा कानाला लागला, दांडा पलीकडे जाऊन धाडकन अडकला, आणि बोट अशी निघाली की मी कितीतरी वर्षांनी ‘आलोच’च्या नाकाशी पाणी फाटताना ऐकलं. अध्यक्षांची बोट मागे पडली. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही, पण सुध्या, त्या वेळी मला तुझी आठवण नव्हती. खरं सांगायचं तर होती, पण ती अशी: बघ, बघ, मी म्हणत नव्हतो?

धक्क्यावर उतरताना मी दोन्ही हात वर केले. तू उतरताना करायचास तसे. प्रेसच्या फाटकावर रोज संध्याकाळी झडती द्यायची सवय लागली होती तुला, कुठल्याही दारातून बाहेर पडताना तुझे हात आपोआप थोडे वर जायचे आणि आम्ही हसायचो. मी ते विजयाचे म्हणून वर केले. फलंदाज माझ्या हातात दिला गेला. फोटो निघाले.

मिसळीवर मी व्याख्यान दिलं. पाव मांडून दाखवले. “आज सिद्ध झालं,” मी म्हणालो, “या वळणावर आम्ही इतकी वर्षं फुकट घालवली.” केतकी तर्री तशीच टाकून हात धुवायला उठली ती परत आलीच नाही. बाकीचे पांगले. युसुफभाई समोर बसून राहिला, पाव कुस्करत.

“सर, एक बोलू? गुस्सा नका करू.”

“बोल ना.”

“टोपी हवेने नव्हती गेली.”

“कसली टोपी?”

“तुमची ती. पांढरी, गोल काठाची.”

मला ती टोपी लगेच आठवली, कारण तिची गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे. ऑपरेशननंतर मी पुन्हा बोटीत बसायला लागलो त्या दिवसांत, तिसऱ्या पिंपाला वाऱ्याचा असा झोत आला की माझी टोपी उडून पाण्यात पडली आणि एखाद्या परातीसारखी तरंगत गेली. ‘नाशकातला वारा विद्वानाचा मान ठेवत नाही,’ असा त्या गोष्टीचा शेवट असायचा.

“बूमने नेली ती,” युसुफभाई म्हणाला. “मी समोर होतो, बघितलं ना. सुधाकरभाऊने आतून वळवली. भाऊ ओरडला, वाका. तुम्हाला वाटलं तुम्ही वाकले. तुम्ही वाकलेच नव्हते, सर. खांदे हलले थोडे, बस.” त्यानं अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली, मग विचार करून ती अर्धी केली. “इतकं खाली असतं ना, तर त्या दिवशीच तुमच्या फोटोला हार.”

मी टेबलावर मांडलेले पाव गोळा करायला लागलो.

“भाऊ तिथून सीधा माझ्या दुकानावर आला. चहा दिला, प्यायलाच नाही. बोलला, युसुफ, आजपासून आतून वळणं बंद. मी बोललो, सरांना सांगू, ते पुढे बसतील, नाहीतर खुर्चीत बसतील. तो बोलला, खबरदार. सांगितलं तर तो बोटीत येणारच नाही.”

“पण मला वाकायला शिकवायचं, ओरडायचं, काहीतरी...”

“ओरडला होता ना,” युसुफभाई म्हणाला.

संध्याकाळी मी तुझ्या घरी गेलो. फलंदाज पिशवीत होता, तो बाहेर काढायची हिंमत झाली नाही. वहिनी दारातच म्हणाल्या, “युसुफभाई बोलले वाटतं.” माझ्या तोंडावरच दिसलं असावं. मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? त्या म्हणाल्या, “मला, केतकीला, घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.”

“मग मला का नाही सांगितलं कुणी? मी शोकसभेत काय काय बोललो...”

“ह्यांनी सांगितलं असतं तर तुम्ही बसला असता बोटीत?”

“नसतो बसलो.”

“मग?” असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या. आतूनच म्हणाल्या, “शेवटी येण्याचं काही नाही म्हणायचे. विद्वान बोटीत नसला तर मी भांडू कुणाशी.”

मी तुझ्या खुर्चीसमोरच्या खुर्चीत बसलो होतो. चहा आला, प्यालो. साखर नव्हती त्यात, वहिनी विसरल्या होत्या, आणि मी मागितली नाही.

तेव्हापासून मी आपले रविवार पुन्हा एकेक करून काढतोय आणि प्रत्येक रविवार वेगळा निघतोय. पूर्वी तूही आतूनच वळायचास; ते कधीपासून सोडलंस हे मी कधी मोजलंच नाही, वय झालं म्हणून सोडून दिलं. तू वाऱ्यात नाक घालून बोट थांबवायचास आणि मी टोमणे मारायचो, तेव्हा तू माझ्याकडे न बघता त्या दांड्याकडे बघत असायचास. ते मी पाहिलं होतं. मला वाटायचं, माझ्या नजरेला नजर द्यायला लाजतोस. “भीती वाटते मला” असं तू सगळ्यांसमोर म्हणालास तेव्हा तू खरंच बोललास, आणि मी उलटतपासणी संपली असं समजून पुढचा पाव उचलला. सगळ्या क्लबात तू भित्रा ठरलास. ती ख्याती मी पसरवली, चांगल्या मराठीत, शोकसभेपर्यंत. आणि इतकी वर्षं लोकांची शिडं घड्या करत राहिलास, तेही माझ्या मानेपायी.

तुझ्यावर रागही आहे, तो लपवत नाही. तू मला मूर्ख ठेवलंस. एकदा, धरणावरून परत येताना तुझ्या स्कूटरवर मागे बसलेलो असताना, मला तोंड दिसत नसताना, सांगता आलं असतं. मी आठ दिवस रुसलो असतो. महिनाभर. कदाचित कायमचा. तू तो हिशेब करून गप्प राहिलास आणि तो बरोबर होता, याचाच राग येतो. तुला माझा स्वभाव माझ्यापेक्षा जास्त कळला होता आणि तरी तुला मी बोटीत हवा होतो. यावर माझ्याकडे मुद्दा नाही. आपल्या भांडणात ही वेळ पहिल्यांदाच आली आहे आणि ती पाहायला तू नाहीस.

परवाच्या रविवारी पुन्हा गेलो. वाटलं होतं, जाऊ नये. युसुफभाईनं सकाळी दारात येऊन हॉर्न वाजवला. “चला, दोऱ्या ओढायला माणूस नाही,” म्हणाला. त्याला हे वाक्य कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही.

तिसरं पिंप आलं. अध्यक्षांची बोट शेजारीच होती, हात लांबवला तर लागेल इतकी. केतकी पुढे वाकून, अगदी हळू आवाजात, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, “काका, कसं घेऊ?” हुबेहूब तुझी लेक.

मी ओरडून म्हणालो, “लांबून घे! माझी मान वाकत नाही!”

शेजारच्या बोटीतून अध्यक्ष म्हणाले, “काय झालं, सर? काही लागलं का?”

“मान! मानेत स्क्रू आहेत माझ्या! म्हणून सुधाकर लांबून वळायचा! माझ्यासाठी!”

“अहो, पण मग तेव्हा का नाही...” त्यांची बोट तेवढ्यात आतून वळली, सगळ्यांनी डोकी खाली घातली आणि पुढचं वाक्य त्यांच्याबरोबर गेलं.

केतकीनं नाक वाऱ्यात घातलं. बोट थांबली, शिडं फडफडायला लागली. तोच तो वेळ. एकेक बोट पुढे निघून चालली होती. तुझ्या जागेकडे तोंड करून मी टोमणे मारायचो ती जागा हीच, आणि मला एकही सुचला नाही. दोरी वेळेवर सोडली. बोट सावकाश फिरली आणि घराकडे निघाली.

आपण शेवटचे आलो, सुध्या. अंतर बरंच होतं. धक्क्यावर पोचलो तोवर बाकीचे मिसळीला बसले होते आणि त्यांची शिडं वाळत घातल्यासारखी गवतावर पडली होती. मी टेबलाकडे गेलो नाही. सगळ्यात मोठं शीड अध्यक्षांचं. युसुफभाईनं त्याची दोन टोकं उचलली, समोर कुणी नाही असं पाहून क्षणभर थांबला, मग माझ्याकडे पाहिलं.

“सर, मान?”

“कमरेतून वाकतो,” मी म्हणालो, आणि तुझ्या बाजूची टोकं उचलली.